चंद्र सर्वांचा, आभाळ आपले

छायाचित्रकारासमोर बसणाऱ्या सर्व विषयांत चंद्र हा सर्वांत निर्विकार विषय होय. पृथ्वीकडे त्याची सदैव एकच बाजू असते. त्यामुळे इंदूरच्या गच्चीवरून पाहा, पुण्याच्या टेकडीवरून पाहा किंवा परदेशी गेलेल्या मुलाच्या खिडकीतून पाहा, त्याच्या मुखावरचे डाग तेच राहतात. माणसाचे छायाचित्र घेताना छायाचित्रकार त्याला बोलते करू शकतो, त्याची मान वळवू शकतो, दिव्याची जागा बदलू शकतो. चंद्रापुढे यांपैकी एकही उपाय चालत नाही. असे असताना एका चंद्रचित्राहून दुसरे चंद्रचित्र सरस का ठरावे, आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा प्रश्न छायाचित्रकलेच्या समीक्षेत फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचे योजिले आहे.

प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा नाही. कोजागिरी आली, गुरुपौर्णिमा आली, किंवा वृत्तपत्रांनी एखाद्या पौर्णिमेला 'महाचंद्र' असे नाव दिले, की आपल्या घराघरांतील भ्रमणध्वनींवर चंद्राच्या चित्रांचा वर्षाव होतो. राजवाड्याच्या माथ्यावर परातीएवढा चंद्र, त्याच्या भोवती सोनेरी ढग, खाली कृष्णपुऱ्याच्या छत्र्या! चित्र पाहून आपण 'वा!' म्हणतो आणि ते पुढच्या दहा जणांस पाठवून देतो. हे चित्र कोणत्या रात्रीचे, कोठून घेतलेले आणि मुळात घेतलेले आहे की जुळवलेले, हे विचारण्याची चाल आपल्यात नाही. ती पडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

या विषयाचा आरंभ इंदुरापासूनच करता येतो, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. भारतीय छायाचित्रकारांत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीस लागले. अंदाजपत्रके आणि नकाशे तयार करणे हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सर हेन्री डेली आणि महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या प्रोत्साहनाने त्यांचा पहिला स्टुडिओ याच नगरीत उभा राहिला. पुढे ते हैदराबादच्या निजामाच्या पदरी गेले आणि 'राजा' झाले. पण कारकुनी मेजावरून कलेच्या दालनात जाण्याची त्यांची वाट इंदुरातून निघाली.

दीनदयाळांची त्या काळातील वास्तुचित्रे पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. दगडी कोरीवकामाची रेघ न् रेघ स्पष्ट, आणि वर आभाळ मात्र पांढरे, कोऱ्या कागदासारखे. हा त्यांच्या दृष्टीचा दोष नव्हता. तेव्हाच्या रासायनिक काचा निळ्या रंगाला फार हळव्या असत. इमारत नीट उमटेपर्यंत निळे आकाश जळून पांढरे होई आणि त्याच्यासह ढगही नाहीसे होत. दिवसाच्या ढगांची ही अवस्था, तेथे रात्रीच्या ढगांची काय कथा! फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली: समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि दोहोंची मिळून एक प्रत. तेव्हा आकाश जोडण्याची युक्ती आजच्या संगणकाची नव्हे. ती छायाचित्रणाच्या बाळपणापासून चालत आली आहे. म्हणूनच 'जोडले म्हणजे खोटे' असा सरळ निवाडा आम्ही करणार नाही. तो तसा करता येतही नाही, हे पुढे दिसेल.

चंद्राच्या चित्रांची परंपरा मात्र वेगळ्या अंगाने वाढली. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० साली न्यूयॉर्कमध्ये चंद्राची प्रतिमा धातूच्या पत्र्यावर उमटविली. १८६५ साली लुईस रदरफर्ड यांनी घेतलेली चंद्रचित्रे इतकी रेखीव होती, की ती पुढे दीर्घकाळ आदर्श मानली गेली. १८९६ ते १९१० या काळात लव्ही आणि प्यूझ्यो या फ्रेंच ज्योतिर्विदांनी पॅरिसच्या वेधशाळेतून चंद्राचा छायाचित्रमय नकाशासंग्रहच प्रसिद्ध केला. या सर्वांना चंद्राची विवरे हवी होती, डोंगर हवे होते. आकाश नको होते. ढग तर त्यांचा वैरीच. ही परंपरा आपल्या मराठी मुलखातही पोहोचली आहे. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने एका रात्रीत चंद्राच्या पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा टिपल्या, त्यांची १८६ जीबी एवढी सामग्री संगणकावर एकत्र केली आणि कृष्णपक्षातील अर्ध्या चंद्राचे एकच चित्र सिद्ध केले. त्या चित्रातील निळसर आणि तांबूस छटा चंद्रावरील निरनिराळ्या खनिजांच्या आहेत. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, प्रक्रिया करून गडद केलेल्या आहेत. आपण काय केले आणि कसे केले, हे त्याने लपविले नाही. हे चित्रही जोडलेलेच. परंतु जोडलेला प्रत्येक तुकडा त्याच रात्रीचा, त्याच चंद्राचा आहे. वातावरणाच्या थरथरीने एक प्रतिमा जे हरवते ते दुसरी सांगते. पन्नास हजार साक्षीदारांचे जबाब ताडून निष्कर्ष काढावा, तसा हा प्रकार होय. आम्ही त्याला सच्चे चित्र मानतो.

तरीही अशा चित्रात एक उणीव राहतेच, आणि ती त्या मुलाची नसून त्या जातीच्या चित्राची आहे. काळ्या पार्श्वभूमीवर एकटा चंद्र. तो पुण्याचा आहे हे चित्र सांगत नाही. चित्राखालची ओळ सांगते. चंद्राला गाव नसते, त्याला गाव देते ते आकाश. आणि आकाशाला रात्र देतो तो ढग, कारण काल रात्रीचा ढग आज नसतो, आणि इंदूरवरचा ढग त्याच घटकेला देवासवर नसतो.

म्हणून ढगांसह चंद्र टिपणे हीच या कलेची खरी परीक्षा. आणि येथेच छायाचित्रकारापुढे एक धर्मसंकट उभे राहते. चंद्र रात्री दिसतो म्हणून आपण त्याला रात्रीची वस्तू समजतो. वस्तुतः तो भर उन्हात पडलेला खडक आहे. त्याचा पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम बारा टक्के परत फेकतो, म्हणजे तो डांबरी सडकेसारखा काळसर आहे; पण ऊन ते ऊनच. त्याचे डाग टिपायला एका सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. त्याच्या शेजारचा ढग मात्र चांदण्यात न्हाणारा, आणि पौर्णिमेचे चांदणे म्हणजे उन्हाचा सुमारे चार लाखांवा अंश. ढगाची वीण दिसायला त्याच कॅमेऱ्याचा पडदा कित्येक सेकंद उघडा ठेवावा लागतो. चंद्राच्या मापाने घेतले तर ढग काळोखात बुडतो. ढगाच्या मापाने घेतले तर चंद्र जळून पांढरी टिकली होतो. शिवाय चंद्र दर दोन मिनिटांना स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, आणि ढग त्याहून कितीतरी चपळ. डोळा दोन्ही एका वेळी पाहतो. कॅमेऱ्याला निवड करावी लागते. समीक्षकाने पाहावयाचे ते या निवडीकडे.

निवड करणाऱ्यांपैकी दोन थोरांची उदाहरणे येथे उपयोगी पडतील. अमेरिकेतील आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९२२ साली लेक जॉर्ज येथे आकाशाकडे कॅमेरा वळविला. आपल्या चित्रांचे यश समोर बसणाऱ्या व्यक्तींमुळे आहे, या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांनी ढग हा विषय घेतला. कारण ढग कोणाच्याही मालकीचे नाहीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून बसत नाहीत. पुढे कित्येक वर्षे त्यांनी लहान आकाराची मेघचित्रे काढली आणि त्यांना मनोवस्थांचे पर्याय मानले. त्यांची छायाचित्रे १९२४ साली बोस्टनच्या कलासंग्रहालयात दाखल झाली, त्यामागे तेथील भारतीय कलाविभागाचे प्रमुख आनंद कुमारस्वामी होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. स्टिग्लिट्झ यांच्या मेघचित्रांत बहुधा क्षितिज नाही, झाड नाही, घर नाही. भाव आहे; स्थळ नाही. त्यांचे मोठेपण मान्य करूनही आम्हांस ही चित्रे थोडी निराधार वाटतात. ढग जमिनीपासून तोडला, की तोही चंद्रासारखाच बेगाव होतो.

दुसरे उदाहरण अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे. न्यू मेक्सिको राज्यातील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे त्यांचे चित्र जगद्विख्यात आहे. सायंकाळी मोटारीने परतताना त्यांना ते दृश्य दिसले. गाडी थांबवून मोठा कॅमेरा लावीपर्यंत प्रकाशमापक सापडेना. तेव्हा चंद्राच्या पृष्ठभागाची दीप्ती किती हे पाठ असल्यामुळे त्यांनी त्यावरून हिशेब बांधला आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्यापूर्वीच खालच्या दफनभूमीतील क्रुसांवरचे ऊन गेले. चित्रात खाली लहानसे चर्च, घरे, पांढरे क्रूस. त्यांच्या मागे डोंगर आणि ढगांचा उजळ पट्टा. आणि वर काळ्याशार आकाशात पौर्णिमेला दोन दिवस उणा असलेला चंद्र. लक्षात घेण्याजोगी बाब ही, की चित्राच्या मानाने चंद्र अगदी लहान आहे. तो मोठा करण्याचा मोह अ‍ॅडम्स यांना झाला नाही. गावाच्या मापानेच चंद्राचे एकटेपण कळते.

या चित्राची पुढची कथा आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. अ‍ॅडम्स यांना तारखा लक्षात राहत नसत. या चित्राचे साल ते १९४० पासून १९४४ पर्यंत वेगवेगळे सांगत. अखेर ज्योतिर्विदांनी चित्रातील चंद्राची उंची, दिशा आणि कला मोजून गणित मांडले. डेव्हिड एल्मोर यांनी एक तारीख काढली. १९९१ साली डेनिस डि चिक्को यांनी ती दुरुस्त करून १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटे, अशी वेळ निश्चित केली. कर्ता विसरला, चित्र विसरले नाही. चंद्र दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून चिकटविलेला असता, तर जगातील कोणत्याही गणिताला ही तारीख सापडली नसती. छायाचित्राची साक्ष म्हणतात ती हीच.

अ‍ॅडम्स यांनीही हात फिरविला नाही असे नाही. १९४८ साली त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो उठावदार केला. या एका निगेटिव्हच्या तेराशेहून अधिक प्रती त्यांनी स्वहस्ते काढल्या असे सांगतात. त्यांतील सुरुवातीच्या प्रतींत वरच्या आकाशात विरळ ढगांच्या रेषा दिसतात, उत्तरकालीन प्रतींत आकाश गडद करताना त्या विझविल्या आहेत. नाट्य वाढले, यात संशय नाही. परंतु त्या संध्याकाळी तेथे असलेले ते अभ्रतंतू गेले, याची आम्हांस रुखरुख वाटते. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर भिंतीवर लावण्यासाठी उत्तरकालीन प्रत निवडली जाईल. घरात जपून ठेवण्यासाठी आम्ही पहिली मागून घेऊ.

साक्षीचे मोल किती, याचे आणखी एक उदाहरण खास रात्रीच्या ढगांचेच आहे. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला. त्यानंतर १८८५ च्या उन्हाळ्यात युरोपमध्ये सूर्यास्तानंतर बराच वेळ चांदीसारखे चमकणारे ढग लोकांच्या दृष्टीस पडले. बर्लिनच्या ओटो येस्से यांनी १८८७ साली त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे एकाच क्षणी दोन ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांची तुलना करून त्यांनी या ढगांची उंची काढली: सुमारे ८२ किलोमीटर! आपला पावसाळी ढग फार तर पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत चढतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे नवल कळते. त्या चित्रांत कलात्मक असे फारसे नव्हते. स्थळ आणि वेळ मात्र बिनचूक होती, म्हणून दोन साध्या काचांनी आभाळ मोजले. हे ढग उत्तरेकडील देशांत उन्हाळ्यातच दिसतात; कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या इंदुरातून ते दिसण्याचा संभव नाही. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या लेकीसुनांनी अशा ढगांचे चित्र पाठविले, तर ते खरोखर त्यांच्या आभाळाचे पत्र समजून जपावे.

आपल्या आभाळाचा असा विशेष कोणता? आमच्या मते तो चंद्राभोवतीचे खळे. उंचावरील पातळ ढगांतील षट्कोनी हिमकणांतून चांदणे वळते आणि चंद्रापासून बावीस अंशांवर एक फिकट वर्तुळ उमटते. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठा आणि करंगळी यांच्यामधले साधारण तेवढे अंतर. याहून निराळे, चंद्राला अगदी खेटून असलेले रंगीत तेजोमंडल जलकणांच्या ढगात दिसते. त्याची बाहेरची कड तांबूस असते, तर खळ्याची आतली. मराठीने या दृश्याला दिलेले नाव पाहण्यासारखे आहे. खळे म्हणजे धान्य मळण्याची गोल जागा. बैल तिवड्याभोवती फिरतात, तसे हे तेज चंद्राभोवती फिरते. ग्रीक भाषेतही 'हालोस' हा शब्द आधी मळणीच्या खळ्याचा आणि मग चंद्राच्या वलयाचा; इंग्रजी 'हेलो' तेथूनच आला. परस्परांची ओळख नसलेल्या दोन शेतकरी समाजांना आभाळात एकच वस्तू दिसली. आपल्या अवंतीचा वराहमिहिर यासाठी 'परिवेष' हा शब्द योजतो. सहाव्या शतकातील बृहत्संहितेत त्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे, आणि विरळ ढगांच्या आकाशात चंद्रसूर्यांचे किरण वाऱ्याने मंडलाकार झाले म्हणजे परिवेष दिसतो, अशी उपपत्ती त्यात दिली आहे. वाऱ्याच्या जागी हिमकण घातले, तर विरळ ढगांची त्याची अट आजही खरी ठरते. चंद्राला खळे पडले की पाऊस जवळ आला, हा आपल्या आजीबाईंचा ठोकताळाही सर्वस्वी निराधार नाही. असे पातळ उंच ढग बदलत्या हवेच्या पुढे पुष्कळदा चालतात.

आता हे खळे टिपायचे तर? वर्तुळाचा पूर्ण व्यास चव्वेचाळीस अंश. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावरील नेहमीच्या पन्नास मिलिमीटर भिंगात ते मावत नाही. अठ्ठावीसचे रुंद भिंग लावले तर जेमतेम मावते. आणि भिंगाच्या नाभ्यंतराला एकशेदहाने भागले म्हणजे फिल्मवरील चंद्राचा व्यास मिळतो, या ढोबळ नियमाने तेव्हा चंद्र उरतो पाव मिलिमीटरचा! म्हणजे खळे हवे असेल तर चंद्राचा मोठेपणा सोडावा लागतो. आमच्या मते चांगल्या छायाचित्रकाराची खूण येथे पटते. जो चंद्राला ठिपका होऊ देतो आणि त्याच्याभोवती आपल्या गावाची रात्र उभी करतो, पाण्याची टाकी, तारांचे खांब, कडुनिंबाचा शेंडा हे सारे तसेच राहू देतो, तो आपल्याला एक न विसरण्याजोगी रात्र देतो. त्या चित्रात दाणे उमटतील, ढग थोडा फरकटेल. फरकटू द्यावा. ढग त्या रात्री चालतच होता.

याच्या उलट टोकाला २०२३ च्या मार्च महिन्यात गाजलेले प्रकरण आहे. सॅमसंग कंपनीच्या एका महागड्या फोनने चंद्राची आश्चर्यकारक स्पष्ट चित्रे येत असत. एका वापरकर्त्याने चंद्राचे चित्र मुद्दाम लहान आणि अंधूक करून संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीत अंधार केला आणि दुरून त्या फोनने त्याचे छायाचित्र घेतले. फोनने अंधूक चित्रात नसलेली विवरे काढून दाखविली! चंद्र ओळखून त्याचा तपशील कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने उठावदार केला जातो, असे कंपनीने त्यानंतर स्पष्ट केले. चंद्राचा चेहरा सर्वत्र सारखाच असल्यामुळे यंत्राला तो पाठ करता आला. खळे यंत्राला असे पाठ करता येणार नाही, कारण आज कोणता ढग कोठे येईल हे त्याला ठाऊक नसते. ते खळे रचू शकेल, आठवू शकणार नाही. पुण्याच्या त्या मुलाचे पन्नास हजार तुकडे आणि फोनचे हे एक चित्र, दोन्हींत संगणक आहे. फरक एवढाच, की पहिल्यात साक्षीदार बोलतात आणि दुसऱ्यात साक्षीदाराच्या तोंडी जबाब घातला जातो.

शासकीय सेवेत ज्यांनी पंचनामे वाचले आहेत, त्यांना जुळविलेला कागद ओळखण्याची सवय असते. तीच येथे वापरावी. ढग चंद्राच्या मागून जात असेल, तर चित्र तेथेच निकालात काढावे. या चित्रांत असे ढग आम्ही अनेकदा पाहिले आहेत. मावळत्या सूर्याच्या लालीत, त्याच बाजूला पूर्ण चंद्र असेल, तर तो पंचांगाला सोडून उगवला आहे; पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या क्षितिजावर असतो. चंद्रकोरीच्या पोटात चांदणी असेल, तर ती चंद्राच्या काळ्या भागातून आरपार दिसते आहे असे मानावे लागेल. ढगाचा उजेड एका बाजूचा आणि चंद्र दुसऱ्या बाजूला असेल, तर दोन रात्री एकत्र आल्या आहेत. आकारापुरती मात्र घाई करू नये. चंद्राचा कोन अवघा अर्धा अंश. पंचवीस मिलिमीटरचे जुने रुपयाचे नाणे पावणेतीन मीटरवर धरले, तर त्याने चंद्र झाकला जातो. पण एक किलोमीटरवरील इमारतीशेजारी तोच चंद्र नऊ मीटर रुंद भासतो. म्हणजे दूर जाऊन लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतलेला भला मोठा चंद्र पूर्णपणे खरा असू शकतो. किती दूर गेलात, एवढेच विचारावे. ज्याने चित्र घेतले आहे तो आनंदाने सांगतो.

यावर आक्षेप येईल, की ही कलेवर कोतवाली झाली. चित्रकाराने चंद्र हवा तेथे लावला तर आपण हरकत घेत नाही, मग छायाचित्रकारालाच हा दंडक का? इंदुराला तरी हा भेद समजावून सांगण्याचे कारण पडू नये. १९२७ साली देवळालीकरांनी येथे चित्रकलेची शाळा उभारली. बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे विद्यार्थी तेथून पुढे गेले. चित्रकाराचा चंद्र त्याच्या मनातून उगवतो आणि तो तसे उघड सांगतो. कवीच्या चंद्राचेही तेच. छायाचित्र मात्र पाहणाऱ्याला न बोलता एक वचन देते: 'हे असे होते, आणि मी तेथे होतो.' या वचनामुळेच साध्या छायाचित्राने आपला जीव हलतो. वचन पाळायचे नसेल तर चित्राखाली 'रचना' असे लिहावे. मग आम्ही ते रचना म्हणून पाहू, आणि आवडले तर तशी दादही देऊ. तक्रार आहे ती रचनेला नोंदीच्या भावात खपविण्याची.

आणि आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या मराठी घरांना नोंदीचे मोल अधिक असावयास हवे. आपले सण, आपली पंचांगे, पुष्कळदा आपल्या कवितेतील चंद्रही आपण महाराष्ट्रातून आणला. परंतु मुंबई आणि इंदूर यांच्या रेखांशांत तीन अंशांचे अंतर आहे, म्हणजे बारा मिनिटांचे. अक्षांशाच्या फरकाने ते ऋतूनुसार कमीजास्त होते. संकष्टीला मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ धरून बसलेल्या इंदूरच्या घराच्या गच्चीवर चंद्र आधीच येऊन उभा असतो. आकाशाने आपल्याला केव्हाच इंदूरकर करून घेतले आहे. मेघदूतातील मेघ वाट वाकडी करून उज्जयिनीवरून जातो; 'शब-ए-मालवा' ही इथल्या रात्रीची कीर्ती दूरवर पोहोचलेली आहे. असे असताना आपल्या घरांतील जुन्या संग्रहांत मुंजींची, लग्नांची, निरोपसमारंभांची छायाचित्रे पेट्या भरून निघतात आणि माळव्याच्या रात्रीचे एकही निघत नाही. पूर्वी ते शक्यच नव्हते. दीनदयाळांच्या काचांना दिवसाचे आभाळ पेलत नव्हते. आता ते नातवाच्या खिशातील यंत्राला शक्य आहे, आणि नेमक्या याच वेळी रस्त्यांच्या दिव्यांनी शहराचे आभाळ पांढुरके होत चालले आहे, आणि आपण परक्या आभाळाची चिकटवलेली चित्रे एकमेकांना पाठवीत आहोत.

यास्तव वाचकांना एक सूचना कराविशी वाटते. पुढच्या कोजागिरीला, किंवा आषाढातल्या ज्या रात्री चंद्राला खळे पडलेले दिसेल त्या रात्री, घरातील तरुणाने एक चित्र घ्यावे. चंद्र लहान येऊ द्यावा, ढग जसा असेल तसा येऊ द्यावा, खाली आपल्या गच्चीचा कठडा येऊ द्यावा. फोनमधील सुशोभनाची सोय बंद करता येत असेल तर ती बंद करावी. मग त्या चित्राची कागदावर प्रत काढून घ्यावी आणि मागच्या बाजूस शाईने तारीख, तिथी, वेळ, मोहल्ल्याचे नाव आणि तोंड कोणत्या दिशेस होते, एवढे लिहून ठेवावे. असे चित्र पन्नास वर्षांनी कोणाच्या हाती पडले, तर त्या रात्रीचे इंदुरावरचे आभाळ त्याला वाचता येईल. शाई पुसट झाली असली, तरी चंद्राची जागा आणि कला मोजून तारीख काढणारा कोणी ना कोणी भेटेलच.